दहा आकड्यांचं लाकूड

"बायकोचा नंबर सांगा."

मी खोली बघायला आलो होतो. आलापल्लीच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागून चारच दिवस झाले होते आणि लग्न होऊन चार महिने. बायको बल्लारपूरला, मी इकडे. खोली स्वच्छ होती, मागे सीताफळाचं झाड होतं, नळाला सकाळी पाणी होतं. मला वाटलं, घरमालकांना चौकशीसाठी नंबर हवा आहे. मी खिशात हात घातला.

"खिशात कायले हात घालता?" घरमालक म्हणाले. "बायको खिशात हाय का?"

"नाही, मोबाइलमध्ये नंबर आहे."

"तो मोबाइलले पाठ हाय. मी तुमाले इचारून राह्यलो."

मी सुरुवात केली. पहिले तीन आकडे आले, चौथा आला तो कदाचित माझ्या मेव्हण्याचा होता, आणि पुढे काहीच आलं नाही.  घरमालकांनी घरात तोंड करून आवाज दिला, "अवो, गणिताचे मास्तर आले हायेत. दहापर्यंत आकडे येत नाई त्याहीले."

आतून त्यांच्या पत्नी हसतच पाण्याचा गडवा घेऊन आल्या. आमच्या भागात मोठ्या माणसाला भाऊ म्हणतात आणि मोठ्या बाईला बाई, तेव्हा हे दोघं माझे भाऊ आणि बाई झाले. खोली मिळाली ती बाईंच्या शब्दावर. भाऊंनी अट घातली ती वेगळीच: आठ दिवसांत तीन नंबर पाठ झाले पाहिजेत. बायकोचा, आईचा आणि घरमालकाचा. नाही झाले तर खोली खाली.

भाऊंची सगळी नोकरी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत गेली होती. सागवानाचे ओंडके जंगलातून आले, की त्यांच्यावर हातोड्याने शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, लांबी-गोलाई मोजायची आणि ती मोठ्याने ओरडून सांगायची. समोरचा वहीत लिहून घेणार. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. परिणामी त्यांना जगातला प्रत्येक आकडा लाकडासारखा दिसायचा. मोबाइल नंबर त्यांच्या कानावर पडला, की ते डोळे किलकिले करून तो उलटापालटा करून बघत आणि निकाल देत. "सरळसोट हाय." "ह्याच्यात गाठी हायेत, दोनदा सात आला." शून्य जास्त असलेला नंबर म्हणजे पोकळ. माझ्या बायकोच्या नंबरात तीन शून्यं होती. "मास्तर, मानूस चांगली असन तुमची बायको," ते गंभीरपणे म्हणाले, "पन नंबर पोकळ हाय. सांभाळून ठेवा. पोकळ लाकूड लवकर विसरते."

लाकूड काय विसरतं हे मी विचारलं नाही. खोली हवी होती.

एकदा ऐकलेला नंबर ते कधीच विसरत नसत. गावातली माणसं रस्त्यात त्यांना थांबवून विचारायची, "भाऊ, ट्रॅक्टरवाल्याचा नंबर सांगा न." भाऊ सांगायचे, पण त्याआधी रागवायचे. त्यांच्याकडे एक साधा, बटनांचा फोन होता. त्यात एकही नाव साठवलेलं नव्हतं. तो फोन घरी खिळ्याला पिशवीत टांगलेला असायचा, बाहेर जाताना ते तो कधीही नेत नसत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, मोबाइल म्हणजे सोबत न्यायचा असतो."

"तो हरपला त?"

"म्हणून घरी ठेवता?"

"म्हून त आजपर्यंत हरपला नाई."



सकाळी नळ यायचा तेव्हा आमची परीक्षा असायची. भाऊ नळाजवळ खुर्ची टाकून बसत. बादली नळाखाली लागण्याआधी एक नंबर म्हणून दाखवायचा. शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर राहायच्या. त्यांनी एका सणाला हातावर मेंदी काढली, आणि त्या नक्षीत पानांच्या आड आईचा नंबर काढून घेतला. दोन दिवस तळहाताकडे बघत त्यांनी झकास नंबर म्हटला. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "सिस्टरबाई, देवाले हात जोडून नंबर म्हणा." सिस्टरबाईंनी हात जोडले आणि पाचव्या आकड्यावर अडकल्या. त्या दिवशी त्यांना पाणी शेवटी मिळालं.

बाईंचं मात्र सगळं उलट. त्यांच्याकडे मुलीनं घेऊन दिलेला मोठा फोन होता आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. नावं त्या स्वतःच्या पद्धतीनं टाकत. 'दूधवाला खोटा', 'दूधवाला खरा', 'मोठी पोरगी', 'मोठ्या पोरीची सासू सांभाळून'. नवऱ्याचा नंबर नुसता 'हे' या नावानं होता. भाऊंनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, की त्या म्हणत, "मले एकच नंबर पाठ हाय. माहा नवरा डोक्यानं कमी हाय, हा पयला नंबर." भाऊ हसत नसत, पण त्यांची परीक्षाही घेत नसत.

डेपोतल्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याबद्दल मी ऐकून होतो. त्यांना सगळे जमादार म्हणत. भाऊ आकडे ओरडायचे आणि जमादार लिहून घ्यायचे, अशी जोडी वर्षानुवर्षं होती. एकदा लिलावाच्या दिवशी एक ओंडका सापडेना. वहीत चारशे सतरा होता. भाऊंचं म्हणणं, आपण चारशे एकाहत्तर म्हणालो. जमादारांचं म्हणणं, तू सतरा म्हणाला म्हणूनच मी सतरा लिहिलं. ओंडका संध्याकाळी सापडला, कुणाचं काही गेलं नाही, साहेब विसरूनही गेले. हे दोघे विसरले नाहीत. त्या दिवसापासून बोलणं बंद. नंतर दोघे निवृत्त झाले आणि जमादार तिकडे डोंगरात, जिवतीकडे आपल्या शेतावर राहायला गेले. बाई मला म्हणाल्या होत्या, "एका लाकडासाठी दोन मानसं सुकून राह्यली मास्तर."

भाऊंच्या भाच्याचं लग्न ठरलं ते जिवतीलाच. मुलगी तिकडचीच होती. भाड्याच्या दोन गाड्या ठरल्या: एक बायकांची, एक पुरुषांची. मला आणि सिस्टरबाईंनाही आग्रहाचं बोलावणं होतं. आदल्या दिवशी वादळात वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही, त्यामुळे निघताना सगळ्यांचे फोन मेलेले. बायकांच्या गाडीत चार्जिंगची सोय होती. राजुऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा बाईंनी एक दुरडी फिरवली आणि पुरुषांचे सगळे फोन गोळा केले. नवरदेवाचा, त्याच्या वडिलांचा, माझा, सगळ्यांचे. "जिवतीले उतरल्यावर भरलेले फोन घेऊन जा," त्या म्हणाल्या. अकरा फोन मांडीवरच्या दुरडीत घेऊन त्या पुढे निघून गेल्या.

आमची गाडी घाटात बंद पडली.

ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. एवढ्यावरून आम्हाला कळलं. त्याचा स्वतःचा फोन होता, पण आलापल्लीपासून त्यावर गाणी वाजत आली होती. राजुरा सोडताच तोही गेला. दोन्ही बाजूंना डोंगर, वर ऊन, आणि लग्नाची वेळ साडेबाराची. अकरा वाजून गेले होते. एक मोटारसायकल वर गेली, तिच्यावर तिघं आणि एक बकरी. एक बस आली ती दारापर्यंत भरलेली, तिनं नुसता हॉर्न दिला. नवरदेव कोट घालून रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. त्याच्या वडिलांना घाम फुटला. "नवरीवाले म्हणतीन, पोरगा पळाला," ते सारखे म्हणत होते. "पयलेच त्याहीचं एक स्थळ ऐन वेळेवर मोडलं हाय. ते लोक धसका खाऊन हायेत."

रस्त्याच्या वरच्या अंगाला एका शेतात मचाण होतं. डुकरं-माकडं हाकलायला बांधलेलं, चार लाकडांवर उभं. मचाणावरून एक शेतकरी आमच्याकडे बघत होता. त्याच्याकडे फोन होता. आणि त्या फोनला फक्त मचाणावर उभं राहिलं तरच रेंज येत होती.

"घ्या न, लावा फोन," तो वरून म्हणाला. "नंबर सांगा."

आम्ही बारा माणसं खाली उभी होतो. कुणी तलाठी, कुणी दुकानदार, मी गणिताचा मास्तर. सगळे एकमेकांकडे बघू लागले. नवरदेवाला नवरीचा नंबर येत नव्हता. "तिचं नाव दाबलं की लागते न," तो रडवेला होऊन म्हणाला. त्याच्या वडिलांना व्याह्याच्या नंबरातले चार आकडे येत होते, पण ते सुरुवातीचे की शेवटचे हे सांगता येईना.

मग सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या.

भाऊ गाडीच्या सावलीत उभे होते. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर आला की माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते. त्यांनी टोपी सारखी केली. धोतराचा काष्टा घट्ट केला. ते शेतात शिरले आणि मचाणाची शिडी चढू लागले. मी त्यांच्या मागे चढलो, कारण शिडी हलत होती आणि त्यांना ती हलतेय हे मान्य नव्हतं.

पहिला फोन बाईंना. भाऊंनी दहा आकडे डेपोतल्यासारखे ओरडून म्हटले, शेतकऱ्यानं दाबले. फोन उचलला गेला.

"नाई पायजे," पलीकडून बाईंचा आवाज आला आणि फोन बंद.

पुन्हा लावला.

"अवो, मी बोलून राह्यलो!"

"मी कोन?"

"मी! तुहा नवरा!"

"सगळे असंच म्हणते," बाई म्हणाल्या. "आजकाल आवाजबी नकली करते, पोरीनं सांगतलं हाय मले. आमचे हे दुसऱ्याच्या फोनवरून कधी बोलत नाई." फोन बंद. तिसऱ्यांदा लावला तो लागलाच नाही.

भाऊंनी टोपी पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "व्याही." व्याह्याचा नंबर त्यांनी साखरपुड्याला एकदाच ऐकला होता. तो लागला. पलीकडे बँड वाजत होता. "लोन नाई पायजे भाऊ, घरी लग्न हाय," एवढं बोलून व्याह्यांनी ठेवून दिला.

खाली उभ्या माणसांना आता सुचू लागलं. "भाऊ, माह्या फोनवर लावा, तो बाईच्या दुरडीत हाय! माहा नंबर पाहून त उचलन!" हे चूक होतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण भाऊंनी एकेक नंबर म्हणायला सुरुवात केली होती आणि त्यांना थांबवायची कुणाची छाती नव्हती. तलाठ्याचा, दुकानदाराचा, माझा, नवरदेवाचा. अकरा नंबर. एकही चुकला नाही. प्रत्येक रिंग दोनदा वाजली आणि कटली. शेवटी शेवटी तर फोन बंद असल्याचं सांगणारी रेकॉर्ड वाजायला लागली.

पुढे आम्हाला कळलं की जिवतीला मांडवात बसलेल्या बाईंच्या मांडीवर दुरडीतला एक फोन वाजला, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येकावर तोच अनोळखी नंबर. त्यांनी शेजारच्या बायकांना सांगितलं, टोळी आहे, एका मागोमाग सगळ्यांना धरत चाललीय. आणि मग सिस्टरबाईंच्या मदतीनं त्यांनी दुरडीतले फोन एकेक करून बंद करून टाकले.

मचाणावर भाऊ खाली बसले. बारा वाजायला आले होते. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "नंबर सगळे बरोबर हायेत न?"

"सगळे बरोबर आहेत भाऊ."

"मंग काऊन उचलून नाई राह्यले?"

"तुमच्या नंबरला नाव नाही म्हणून," मी म्हणालो. "आजकाल नुसता नंबर दिसला की लोक घाबरतात. ज्याच्या फोनमध्ये एकही नाव नाही असा कुणी असेल, तर तोच सगळ्यांचे फोन उचलेल. तुमच्यासारखा."

मी हे सहज बोललो होतो. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. खालून नवरदेवाचे वडील ओरडले, "काय झालं?"  भाऊंनी शेतकऱ्याकडून फोन स्वतःच्या हातात घेतला आणि यावेळी न ओरडता, ओठ घट्ट मिटून, दहा बटनं दाबली.

पहिल्याच रिंगला उचलला.

"कोन?"

"मी."

पलीकडे एक बैल हंबरल्याचं ऐकू आलं. मग तो आवाज म्हणाला, "चारशे सतरा का?"

"चारशे एकाहत्तर," भाऊ म्हणाले.

"कुठी हायेस?"

"घाटात. गाडी बंद पडली. भाच्याचं लगन हाय."

"किती मानसं?"

"बारा. अन् नवरदेव."

"येतो," जमादार म्हणाले आणि ठेवलं.

अर्ध्या तासाच्या आत वरच्या वळणावरून ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत जमादारांनी घरातली सतरंजी आणि एक गादी टाकून आणली होती. पांढरी मिशी, डोक्याला दुपट्टा. ते खाली उतरले नाहीत. भाऊंनीही रामराम केला नाही. नवरदेवाला गादीवर बसवलं, आम्ही कडेनं उभे राहिलो, आणि भाऊ सरळ पुढे जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, जमादारांच्या शेजारी बसले.

घाट चढून सपाटी लागली तसे जमादार समोर बघत म्हणाले, "तू सतराच म्हणला होता."

"एकाहत्तर."

"आरा चालू होता तवा. मले सतरा ऐकू आलं."

"मंग इचाराचं होतं दुसऱ्यांदा."

"तू दुसऱ्यांदा सांगत होता का कोनाले कधी?"

 ट्रॅक्टरच्या आवाजात भाऊ काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही, पण जमादारांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि ट्रॅक्टर रस्ता सोडून बाभळीत शिरता शिरता वाचला. मागे नवरदेव गादीवरून घसरला. त्यानंतर जिवती येईपर्यंत दोघं एकदम बोलत होते, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि दोघांच्याही तोंडून नुसते आकडे ऐकू येत होते.

लग्न पाऊण तास उशिरा लागलं. मांडवाच्या दारात नवरीचे वडील उभे होते. गादीवर बसलेला जावई ट्रॉलीतून उतरताना पाहून त्यांनी आधी नवरदेवाला मिठी मारली, मग चुकून ड्रायव्हरलाही. बाई दुरडी घेऊन धावत आल्या. "अवो, कुठी राह्यले? इथी किती मोठी टोळी मागं लागली होती! म्या सगळ्याहीचे फोन वाचवले!"

"ती टोळी मी होतो," भाऊ म्हणाले.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवाज त तुमच्यासारखाच होता," त्या म्हणाल्या. "म्हून त मले जास्त संशय आला."

जेवताना भाऊ आणि जमादार एका पंगतीत शेजारी बसले. जमादारांच्या पानात भाऊंनी स्वतःची बुंदी ओतली.

घरी आल्यावर नळावरची परीक्षा बदलली. नंबर म्हणणं चालूच राहिलं, पण आता भाऊ गावात फिरताना कुणाचाही फोन मागून घेत आणि आम्हाला लावत. अनोळखी नंबर बघून आम्ही कट केला, की दुसऱ्या दिवशी बादली शेवटी. "कोन कोनत्या मचानावर उभं हाय, काय मालूम?" ते म्हणायचे. मी वर्गात असताना फोन यायचा, मी बाहेर जाऊन उचलायचो आणि पलीकडून आवाज यायचा, "पास." सिस्टरबाईंनी एकदा खरोखरच्या कर्जवाल्याला अर्धा तास भाऊ समजून आदरानं उत्तरं दिली.

तीन वर्षांनी माझी बदली बल्लारपूरला झाली. सामान ट्रकवर चढलं होतं, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि तिकडे रेंजसाठी मी नवा नंबर घेतला होता. मी तो घाईघाईनं सांगितला. भाऊंनी डोळे किलकिले केले. "सरळ हाय. शेवटी एक गाठ हाय," ते म्हणाले, आणि म्हणून दाखवला. ट्रक सुरू झाला होता. मी नीट न ऐकताच मान हलवली.

त्यानंतर त्यांचा फोन कधी आला नाही. पहिले काही महिने वाट बघितली. मग थोडा राग आला, मग शाळा, घर, मुलगी झाली, दिवस गेले. एका रविवारी बायको म्हणाली, तूच का करत नाहीस? भाऊंचा फोन लावला तो खिळ्याला नुसताच वाजत राहिला, आणि माझा नवा नंबर बाई उचलणार नाहीत हे मला माहीत होतं. बायकोच्या फोनवरून लावला. तिचं नाव बाईंनी 'मास्तरीन' म्हणून टाकलं होतं.

"अवो मास्तर!" बाई म्हणाल्या. "आता त सकाळीच ह्याहीचं तुमच्यासंग बोलनं झालं न?"

"माझ्याशी?"

"दर रविवारी त बोलते. तासतासभर. घ्या, देतो."

भाऊंना आता कानाला कमी येत होतं. ते मोठ्यानं, डेपोतल्यासारखे बोलले. तब्येत बरी आहे, जमादार येऊन गेले, सीताफळं यंदा भरपूर. मी ऐकत होतो आणि हळूहळू माझ्या लक्षात येत होतं. ट्रक सुरू असताना एक आकडा इकडचा तिकडे झाला होता. कुठल्यातरी गावात कुणीतरी माणूस दर रविवारी अनोळखी नंबर उचलत होता, मास्तर म्हणवून घेत होता आणि एका म्हाताऱ्याशी तासभर बोलत होता. त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं की आपण ते नाही. किंवा सांगितलं असेल, आणि भाऊंना ऐकू आलं नसेल.

"भाऊ," मी म्हणालो, "तुम्ही माझा नंबर कोणता लावता?"

"तुमी सांगतला तोच. मले विसर पडन का?" ते हसले. मग त्यांचा आवाज एकदम काळजीचा झाला. "ते राहू द्या. मास्तरकी करून शेती बी धरली हे तुमी लय चांगलं केलं. पन सकाळी तुमी रडून राह्यले होते, मले चैन नाई पडलं दिवसभर. धवळ्या उठला का?"

माझ्याकडे बैल नाही. बल्लारपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"उठला भाऊ," मी म्हणालो. "दुपारी उठला. चारा खाऊन राह्यला."